मुंबईच्या नगरसेवकांना तानसा-वैतरणेच्या खोऱ्यातून एक खुलं पत्र

प्रति,
बृहन्मुंबई महानगरपालिकेचे सर्व २२७ नगरसेवक आणि नगरसेविका

विषय : तानसा अभयारण्याचं जंगल आणि गारगाई धरणाचा प्रस्ताव

सप्रेम नमस्कार.

मी शहापूर तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. तुमच्यापैकी एकाच्याही प्रभागात माझं मत नाही. तरी तुमच्या सभागृहात होणाऱ्या निर्णयांचा माझ्या गावाशी रोजचा संबंध आहे, कारण तुमच्या नळाला येणारं पाणी आमच्या डोंगरांवर पडतं. २०२२ च्या मार्चमध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत पालिकेचा कारभार प्रशासकांनी पाहिला. त्याच काळात, एकदा बाजूला ठेवलेला, आमचं रान बुडवून मुंबईला जादा पाणी नेण्याचा गारगाई धरणाचा प्रस्ताव पुन्हा वर आला आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्याला मान्यताही दिली. लोकांनी निवडून दिलेल्या कुणीही त्यावर सभागृहात उभं राहून प्रश्न विचारला नाही, कारण विचारायला कुणी नव्हतंच. आता तुम्ही आहात. म्हणून हे पत्र मंत्रालयाला किंवा वनखात्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

जून-जुलै आला की तुमच्याकडे वर्तमानपत्रांत सात तलावांचा साठा छापून येतो. सातही तलाव भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी होतं, म्हणजे शहराला साधारण वर्षभर पुरेल एवढं. त्यातलं निम्मं एकट्या भातसाचं. राहिलेल्या निम्म्यातलं जवळजवळ सगळं वैतरणेच्या खोऱ्यातल्या चार तलावांचं : ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर आणि तानसा. विहार आणि तुळशी मिळून अडीच टक्के भरतात. हे आकडे तुम्हाला पाठ असतील. पण तलावाच्या आकड्याशेजारी त्याच्या पाणलोटातल्या जंगलाचा आकडा कधी छापलेला मी पाहिला नाही. किती हेक्टर वणव्यात गेलं, कुठल्या ओढ्याचं पाणी यंदा लवकर आटलं, कुठल्या उतारावरची माती वाहून तलावात आली, हे कुणी मोजून तुमच्या टेबलावर ठेवत नाही. पाण्याचा हिशेब धरणाच्या भिंतीपासून सुरू होतो आणि भिंतीच्या मागे काय आहे ते गृहीत धरलं जातं.

भिंतीच्या मागे आहे तानसा अभयारण्य. १९७० साली ते जाहीर झालं. शहापूर, वाडा आणि मोखाडा या तीन तालुक्यांत पसरलेलं, तीनशेहून अधिक चौरस किलोमीटरचं हे जंगल. माहुलीचा किल्ला याच जंगलात आहे. साग सगळ्यांना माहीत असतो, पण ऐन, खैर, हेद, कळम, धावडा, बिबळा, मोह, पळस, कुडा हे सगळे मिळून हे रान होतं, आणि ओढ्याकाठाने बांबू. तानसाचं दगडी धरण १८९२ सालचं आहे. सव्वाशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले आणि आजही ते शहराला पाणी देतं आहे. ज्यांनी ते बांधलं त्यांच्या कौशल्याचं कौतुक जरूर व्हावं. पण तलावाभोवतीचे उतार बोडके झाले असते, तर या तलावात आज पाणी किती आणि गाळ किती असता, याचा विचार करून पाहा.

जंगलामुळे पाऊस वाढतो, असं सोपं वाक्य आम्ही शाळेत शिकवत आलो. ते तेवढं सोपं नाही, आणि या पत्रात मी ते वापरणार नाही. झाडंही पाणी पितात. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या भागात जंगल जे करतं ते वेगळं आहे. इथला खडक काळा कातळ, वर मातीचा थर पातळ. चार महिन्यांत सगळा पाऊस कोसळतो. उघड्या उतारावर तो पडला की माती सोबत घेऊन दोन-चार तासांत खाली येतो. रानात तोच पाऊस आधी पानांवर अडतो, मग खालच्या पालापाचोळ्यात मुरतो, मुळांनी भुसभुशीत केलेल्या मातीतून कातळाच्या भेगांत उतरतो आणि दिवाळीनंतरही झऱ्यांतून थोडा थोडा बाहेर येत राहतो. तलावात येणारं पाणी निवळ राहतं. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पावसाळ्यात गढूळपणा वाढला की रसायनांचं प्रमाण वाढवावं लागतं, हे तुमचे अभियंते तुम्हाला सांगतील. गढूळपणा रोखण्याचं बरंचसं काम रान आधीच करून ठेवतं आणि त्याचं बिल पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट. तानसाचं पाणी उताराने, स्वतःच्या वजनाने, भिवंडी-ठाण्यावरून शहराकडे येतं. डोंगरातून समुद्राकडे जाणारा हा उतार आणि त्याच्या माथ्यावर टिकलेलं जंगल, या दोन गोष्टींवर मुंबईसारखं शहर वाढलं. एकोणिसाव्या शतकात ज्या कुणी या जागा निवडल्या त्यांनी नकाशावर उतार पाहिला होता. जंगल तेव्हा होतंच, त्यामुळे ते वेगळं पाहण्याची गरज त्यांना पडली नसावी. आपल्याला ती सवलत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर तुम्हाला आमच्याकडे यायचीही गरज नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत, १८६० आणि १८७९ सालचे. शहर त्यांच्या चारही बाजूंनी वाढलं, तरी त्यांचं पाणी आजही पिण्यासाठी वापरलं जातं, कारण त्यांचे पाणलोट राखीव राहिले. त्या पाणलोटांच्या रक्षणामुळेच तिथलं जंगलही मोठ्या प्रमाणात वाचलं. शेजारीच पवईचा तलाव आहे. पवईचं पाणी पिण्यातून फार पूर्वीच बाद झालं. पण पुढे त्याच्या काठावर आणि पाणलोटात जे जे उभं राहिलं, आणि सांडपाणी शिरून तलावावर जी जलपर्णी माजते, ते तुम्ही येता-जाता पाहता. विहार आणि पवई यांच्यात फार अंतर नाही. पाऊसही सारखाच पडतो. फरक काठावरचा आहे.

आता माणसांबद्दल. अभयारण्य म्हटलं की शहरात लोकांच्या डोळ्यांसमोर रिकामं, माणसं नसलेलं रान येतं. तानसाचं रान तसं कधीच नव्हतं. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचे पाडे या रानात आणि त्याच्या कडेने अभयारण्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवणारी ही माणसं. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, खाचरात भात. पहिला पाऊस झाला की रानात शेवळी उगवतात, मग करटोली, भारंगी, टाकळा, कुरडू, बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्याच्या सुरुवातीचे दीड-दोन महिने, जेव्हा घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि शेतातलं अजून यायचं असतं, तेव्हा अनेक पाड्यांवर चूल या भाज्यांवर चालते. उन्हाळ्यात मोहाची फुलं, करवंदं, जांभळं, डिंक, मध.

यातलं बरंच काही तुमच्यापर्यंतही पोहोचतं. पहाटेच्या कसारा लोकलने खर्डी, आटगाव, आसनगावहून बायका पाट्या घेऊन निघतात आणि कल्याण, ठाणे, दादरच्या फुटपाथवर बसतात. शेवळीच्या जुडीसोबत काकडाची फळं द्यायला त्या विसरत नाहीत, कारण त्या फळाशिवाय शेवळी घशाला खाजते आणि शहरातल्या गिऱ्हाईकाला ते ठाऊक असेलच असं नाही. त्या पाटीतला माल विकून घरी मीठ-मिरची, पोराची वही, औषध येतं. ही मिळकत कुठल्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही. धरणग्रस्तांच्या भरपाईत घर मोजतात, सातबाऱ्यावरची जमीन मोजतात. शेवळी उगवणारा उतार कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो.

हे लिहिताना मी रानात सगळं आलबेल आहे असं भासवणार नाही. इथे वणवे लागतात, कधी मुद्दाम, कधी निष्काळजीपणाने. कातासाठी खैराची चोरटी तोड होते, आणि ती करणारे बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर चालतात. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडल्या जातात. वनरक्षक थोडे, रान मोठं. पण वर्षानुवर्षं पाहून माझं मत असं झालं आहे की ज्या पाड्याला आपल्या रानावर कायद्याने हक्क मिळाला, तिथे वणवा विझवायला माणसं स्वतःहून धावतात. जिथे माणूस स्वतःच्याच रानात चोर ठरवला जातो, तिथे तो वणव्याकडे बघत बसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे, आणि अभयारण्यांतही हा कायदा लागू आहे. वैयक्तिक दावे मंजूर करताना कसत्या जमिनीपेक्षा कमी क्षेत्र मिळाल्याच्या तक्रारी आमच्याकडे गावोगाव आहेत. सामूहिक दाव्यांची गती तर आणखी मंद. हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला आहे हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या पाणलोटाची राखण त्यावर अवलंबून असेल, तर मुंबई महापालिकेने त्याचा आग्रह धरायला काय हरकत आहे? तुमच्यासारखी श्रीमंत आणि वजनदार संस्था मंत्रालयात एखादी गोष्ट लावून धरते तेव्हा ती ऐकली जाते. आमच्या ग्रामसभेचं पत्र महिनोन्‌महिने टपालात फिरतं.

याच रानात २०१४ साली रानपिंगळा दिसला. हा लहानसा घुबडाचा प्रकार १८८४ नंतर शतकभराहून अधिक काळ कुणाला खात्रीने सापडला नव्हता आणि नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं. १९९७ मध्ये तो खानदेशात, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. नंतर सातपुड्याच्या पट्ट्यात त्याची नोंद होत गेली. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, तानसात तो असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. जगात फक्त मध्य भारतातच आढळणाऱ्या आणि अतिशय थोड्या उरलेल्या पक्ष्याला जे रान जागा देतं, त्या रानाबद्दल एवढी माहिती तुमच्यापुढे यायला हवी म्हणून लिहिली.

आता पाण्याबद्दल, आमच्या पाण्याबद्दल. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण शहापूर तालुक्यात भाषणात वापरायची गोष्ट राहिलेली नाही. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात, वैतरणेचे तलाव आमच्या कुशीला. आणि दर उन्हाळ्यात तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो. कसाऱ्याच्या वरच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये बायका झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. माझ्या शाळेत मार्च उजाडला की मुलींची हजेरी घटायची. कारण विचारलं की एकच उत्तर यायचं, "पाण्याला गेली." ज्या डोंगरावरून शहराकडे कोट्यवधी लिटर पाणी जातं त्याच डोंगरावरची ही हजेरी. आमच्या गावांसाठी इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना आखली गेली आहे. ती पूर्ण होऊन शेवटच्या पाड्यावरच्या नळाला पाणी येवो, अशी आमची इच्छा आहे. पण तानसाच्या काठावरच्या माणसाला पाणी द्यायला नाशिक जिल्ह्यातलं धरण शोधावं लागतं, यावर तुमच्या सभागृहात कुणीतरी एकदा बोलावं असं मला वाटतं.

आणि आता गारगाई. वैतरणेला मिळणारी ही लहानशी नदी. तिच्यावर वाडा तालुक्यात ओगदा गावाजवळ सुमारे सत्तर मीटर उंचीचं धरण बांधायचं, पाणी बोगद्यातून मोडकसागरात सोडायचं आणि तिथून रोज ४४० दशलक्ष लिटर जादा पाणी मुंबईला न्यायचं, असा हा प्रस्ताव. १९९४ च्या चितळे समितीच्या अहवालात मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही नावं आली. मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झालं. गारगाईत ओगदा, खोडदे आणि आसपासची गावं जाणार आहेत. बुडणाऱ्या सुमारे साडेआठशे हेक्टरपैकी साडेसहाशे हेक्टरच्या आसपास वनजमीन आहे आणि तिचा मोठा भाग अभयारण्यातला आहे. झाडांची संख्या वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी आहे, पण कुठल्याही कागदावर ती लाखांतच आहे. नदीकाठचं, दरीतलं, सगळ्यात दाट आणि सगळ्यात ओलं रान धरणात आधी बुडतं. उरतो तो वरचा कोरडा उतार.

२०२० मध्ये हाच प्रस्ताव जंगलासाठी बाजूला ठेवला गेला होता आणि त्याऐवजी मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प निवडला गेला होता, रोज २०० दशलक्ष लिटरचा, पुढे ४०० पर्यंत वाढवता येणारा. त्या पर्यायाची किंमत मोठी आहे, वीज लागते, आणि उरलेलं खारट पाणी समुद्रात सोडल्याने कोळीबांधवांचं काय होईल हाही खरा प्रश्न आहे. मी त्याची जाहिरात करत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की २०२० मध्ये जे रान वाचवण्यासारखं होतं ते २०२५ मध्ये बुडवण्यासारखं कसं झालं? रान तेच आहे. मधल्या काळात त्यात असा कोणता बदल झाला, हे लोकांना कुणीही समजावून सांगितलेलं नाही.

मुंबईची तहान खोटी आहे असं मी म्हणत नाही. उलट शहरातली कोरड आमच्या कोरडेसारखीच आहे. तुमच्याच पालिकेच्या नियोजनात वर्षानुवर्षं झोपडपट्टीतल्या माणसासाठी दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसासाठी १३५ लिटर असा हिशेब राहिला. २००० सालानंतरच्या वस्त्यांना पाणी नाकारता येणार नाही, हे सांगायला २०१४ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. मानखुर्दला, शिवाजीनगरला आजही विकतचं पाणी भरणारी कुटुंबं आहेत. तानसाची जलवाहिनी शहरात जिथून जाते, तिच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा मीटर मोकळे करण्याच्या न्यायालयीन आदेशानंतर हजारो कुटुंबं तिथून उठवली गेली आणि त्यातली कितीतरी माहुलच्या रिफायनऱ्यांच्या धुरात नेऊन ठेवली गेली. एका जलवाहिनीच्या वरच्या टोकाला ओगद्याचा आदिवासी उठवला जाणार आणि खालच्या टोकाला घाटकोपर-कुर्ल्याचा मजूर उठवला गेला. दोघांनाही पाणी पुरेसं मिळत नाही. गारगाईचे ४४० दशलक्ष लिटर आले की ते मानखुर्दला जातील, याची हमी प्रस्तावात कुठे लिहिली आहे? ती नसेल तर गरिबाच्या तहानेचं नाव घेऊन धरण मागू नये.

शहराचा रोजचा पुरवठा ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास आहे. त्यातला चौथा हिस्सा, काहींच्या मते त्याहून जास्त, गळती आणि चोरीत जातो, हे पालिकेच्या वर्तुळात वर्षानुवर्षं उघडपणे बोललं जातं. चौथा हिस्सा धरला तरी ते साडेनऊशे दशलक्ष लिटरच्या वर होतं, म्हणजे दोन गारगाईंपेक्षा जास्त. यातलं निम्मं जरी वाचलं तर एकही झाड न तोडता गारगाईइतकं पाणी तुमच्या हातात येतं. जुन्या वाहिन्या बदलणं, मीटर बसवणं, टँकरवाल्यांच्या चोऱ्या पकडणं हे कंटाळवाणं काम आहे. त्याचं भूमिपूजन होत नाही, त्यावर कुणाचं नाव कोरलं जात नाही. तरीही आधी करायचं ते हेच. शिवाय वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर इथे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची मलजल प्रक्रिया केंद्रं पालिका उभी करते आहे. एवढं पाणी शुद्ध करून समुद्रात सोडायचं आणि उद्यानांना, बांधकामांना, कारखान्यांना, टॉवरांच्या फ्लशला वैतरणेचं पिण्याचं पाणी घालायचं, हे कोणत्या हिशेबात बसतं? प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी वेगळ्या वाहिन्या टाकायला खर्च येईल. धरणालाही येतोच.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावू, असं सांगितलं जाईल. ती दुसऱ्या जिल्ह्यात लावली तर त्यांची मुळं गारगाईच्या उतारावरची माती धरून ठेवणार नाहीत. इथेच लावली, तरी खड्ड्यातली रोपं आणि रान यांत किती फरक असतो ते आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. वृक्षलागवडीचे असे कितीतरी फलक मी पाहिले आहेत, ज्यांच्याभोवती दोन वर्षांनी फक्त गवत होतं.

मग मी तुमच्याकडे मागतो काय? सगळ्यात आधी, गारगाईचं पुढचं कोणतंही काम आणि पैसा मंजूर करण्यापूर्वी सभागृहात गळतीचा खरा, प्रभागनिहाय हिशेब मागा आणि तो जाहीर करा. तुमच्या प्रभागात किती पाणी येतं आणि किती पाण्याचं बिल होतं हे तुम्हाला कळायलाच हवं. तो हिशेब लोकांसमोर येईपर्यंत गारगाई थांबवा. यात कुणाच्या पक्षाचा प्रश्न नाही. २०२० मध्येही आणि २०२५ मध्येही निर्णय घेणारे वेगवेगळ्या पक्षांचे होते आणि रान दोघांच्याही वेळी एकच होतं.

दुसरं मागणं पैशाचं आहे आणि ते मी स्पष्ट शब्दांत करतो. मुंबईकर पाण्यासाठी जे भरतो त्यातला एक अगदी छोटा वाटा दरवर्षी पाणलोटातल्या ग्रामसभांना रान राखण्यासाठी मिळावा. वणव्याच्या दिवसांत पाळत, जाळरेषा, झऱ्यांची दुरुस्ती, उतारांवर दगडी बांध, ही कामं पाड्यावरची माणसं करू शकतात, त्यांना मजुरी मिळेल आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर पोराबाळांसह जाणारी काही कुटुंबं तरी गावात राहतील. हे नवीन काही नाही. हिमाचल प्रदेशातल्या पालमपूरच्या नगर परिषदेने २०१० मध्ये शहराला पाणी देणाऱ्या बोहल झऱ्यावरच्या गावकऱ्यांशी करार केला. गावकऱ्यांनी झऱ्यावरचं रान राखायचं आणि नगर परिषदेने त्यांना दरवर्षी मोबदला द्यायचा. रक्कम लहान होती, शहरही लहान. पण पाणी पिणारा पाणी राखणाऱ्याचं देणं लागतो हे त्या परिषदेने कागदावर सही करून मान्य केलं. मुंबईसारख्या शहराला ते जड जाऊ नये.

तिसरं, तानसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा हे तलाव पालिकेचे स्वतःचे आहेत. या तलावांच्या काठावरच्या पाड्यांना पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क आहे, असा ठराव तुम्ही करू शकता. पाड्यांची लोकसंख्या शहराच्या एखाद्या टॉवरइतकीही नाही. तुमच्या साठ्यात त्याचा फरक दिसणारही नाही. आमच्या शाळेतल्या मुलींच्या हजेरीत तो दिसेल.

अखेर, तुमच्या पाणीपुरवठा विभागाचे अधिकारी तलावांवर येतात, विश्रामगृहात उतरतात, साठा पाहतात आणि जातात. तुम्ही पाड्यांवर या. पावसाळ्यात हिरवं रान पाहायला नको, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या. अघईला या, कसाऱ्याच्या वरच्या पाड्यांवर या, आणि ओगदा-खोडद्यात ग्रामसभा भरवायला सांगून तिच्यासमोर बसा. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने या भागातल्या ग्रामसभेला जमीन घेण्याआधी विचारणं बंधनकारक आहे, पण कागदावर अंगठे घेण्यापेक्षा समोर बसून ऐकणं वेगळं. तुम्ही सगळे २२७ जण येऊ शकणार नाही, पण स्थायी समितीतले आणि पूर्व उपनगरांतले दहा-वीस जण आले तरी पुरे. येण्याचा दिवस आधी कळवा, म्हणजे कामावर गेलेली माणसंही त्या दिवशी गावात थांबतील. रजेचे पैसे बुडतील त्यांचे, पण ती थांबतील.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
शहापूर तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक